काचेची कुसळं

काचेचे धागे रेझिनच्या चिकट रसात भिजवून त्यांतून गाड्यांची दारं घडवायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. कारखान्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. दार कापलं की काचेची कुसळं उडत. डोळ्यांना दिसायची नाहीत, पण अंगात घुसली की माणूस खाजवून बेजार. मिस्त्रीचं कातडं कधीच निबर झालं होतं. प्रश्न बायकोचा होता. जिन्यावरून पडल्यापासून तिचं मानेखालचं अंग लुळं पडलं होतं. मान आणि गाल तेवढे जागे, आणि खाजवायला हात उचलत नाही. मिस्त्री घासून घासून आंघोळ करायचा, कपडे बदलायचा, मगच तिला उचलायचा. तरी मेलं एखादं कुसळ तिच्या मानेत जाऊन बसायचंच.

मग कारखान्याने काचेऐवजी ताग वापरून बघायचं ठरवलं. ते दिवस दोघांना सुखाचे गेले. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून टीव्ही बघायची आणि त्याच्या घोरण्याच्या नकला करायची.

पण ताग पाणी पितो. तो कायमचा घ्यायचा की नाही, हे पाण्यातल्या चाचणीवर ठरणार होतं, आणि तुकडे कापून पाण्यात सोडायचं काम मिस्त्रीकडेच होतं. त्याची नियत फिरली. कापलेल्या कडांवर त्याने गुपचूप रेझिनचा हात फिरवला. आता पाणी शिरणार कुठून?

चाचणी बघणाऱ्या इंजिनिअर बाईंनी तुकडा उजेडात धरला. कड चकाकली.

"मिस्त्री, वहिनींसाठी केलंत ना हे?"

त्याने मान खाली घातली. बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुकाट्याने नवे तुकडे कापले आणि पाण्यात टाकले. ते फुगले, कडांना उकलले. दारांसाठी पुन्हा काच ठरली.

"काय ठरलं मग?" घरी बायकोने विचारलं.

"तागच." खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

"सुटले बाई एकदाची."

काच परत आली, त्यानंतर आठवडाही गेला नसेल. थंडी कडाक्याची, पांघरूण तिच्या छातीपर्यंत ओढलेलं. तो तिला भरवत होता. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते आणि ती ओठ आवळून भिंतीकडे बघत होती. खाजवू का, असं विचारायची त्याची छाती होईना.

"अहो," शेवटी तीच म्हणाली, "घामोळं आलंय वाटतं. जरा खाजवता?"