आत्याचा कंपायलर, बाबांचा कॉम्प्युटर

लिफ्टच्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणारी आमची आत्या म्हणजे चालतंबोलतं वादळ. टॉवेल खुर्चीवर, चष्मा फ्रिजवर! तिचा लॅपटॉप बंद पडला, तेव्हा प्रोग्रामचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर तिने बाबांच्या कॉम्प्युटरवर तयार करायला घेतला. बाबा तिच्या खुर्चीमागेच येऊन उभे राहिले. त्यांच्या ऑफिसचं सगळं काम त्याच्यावर होतं.

"ताई, इथे पसारा केलास तर बघ हं!"

"अरे, सगळं एकाच फोल्डरमध्ये जाईल. काम झालं की तो उडवायचा, विषय संपला."

तिने नवा फोल्डर केला, कंपायलर बसवायच्या कमांडमध्ये चिपचं नाव टाकलं, नको ते पर्याय बंद केले आणि बोट एंटरवर नेलं.

"थांब! यात तुझ्या फोल्डरचं नाव कुठे आहे?"

आत्याने जीभ चावली. कुठे बसवायचं हे सांगायचंच राहिलं होतं. सगळं थेट कॉम्प्युटरच्या स्वतःच्या फायलींत घुसलं असतं.

"टाकते रे! एवढे डोळे काय वटारतोस?"

"ऊठ तिथून. तू फक्त सांगायचं. एंटर मी दाबणार."

आणि जगात पहिल्यांदाच, आत्या निमूटपणे उठली.