सगळ्यात हळू किती जाते?

गाड्यांच्या शोरूममध्ये शिरून "पळती किती ते ऱ्हाऊ द्या, सगळ्यात हळू किती जाती त्ये सांगा" असं विचारणारी बाई सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला यावी याचा मला आजही संताप येतो. संतापच म्हणतो मी. साधा राग चहाबरोबर उतरतो. हा श्रावणात आला तो दिवाळीपर्यंत घरात पाय पसरून बसला होता.

आक्का माझी नात्याची कोणी नव्हे. ती आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली धनगरीण. दिवाळी झाली की तिचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, मुलं-सुना असा सगळा लवाजमा, पाण्याच्या बाजूला उतरतो आणि कराडजवळच्या आमच्या मळ्यात चार-सहा रात्री बसतो. मेंढरांचं खत रानाला, ज्वारीचं पोतं त्यांना, हा व्यवहार माझ्या वडिलांपासूनचा. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म काढला, भल्याभल्या बागायतदारांना उसाच्या तोडीसाठी माझ्या टेबलापुढे उभं केलं. पण ही बाई माझ्याच बांधावर उभी राहून माझंच रान नापसंत करायची. "ह्ये वल्लं हाय. मेंढरांच्या खुरास्नी बाधंल. त्ये पल्याडचं दावा." पल्याडचं दाखवलं की तिथे हराळी फार. मग पुन्हा पहिलंच, आणि तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. माझ्या बायकोच्या हातचा चहा सगळं गाव नावाजतं, आक्का कप रिकामा करून सांगणार, "साखर लय झाली." मेंढीशी बोलताना "चल गं माझे बाय," आणि माणसांशी बोलताना "काय रं?" एकदा आमचे सरपंच नव्या गाडीतून आले आणि मेंढरं रस्ता ओलांडत असताना त्यांनी हॉर्न दाबून धरला. आक्का रस्त्याच्या मधोमध बसली आणि तिने कमरेची चंची सोडली. पान लावून, खाऊन, शेवटचं कोकरू पलीकडे गेल्यावर ती उठली. सरपंचांनी त्याचा राग आजतागायत माझ्यावर धरलाय, कारण मेंढरं माझ्या रानातली!

वाटचालीत आक्काची जागा ठरलेली. सगळ्यांच्या मागे. पुढे थोरला मुलगा, मधे घोडी आणि बिऱ्हाड, आणि शेवटच्या लंगड्या मेंढीच्याही मागे काठी टेकत आक्का. मी विचारलं होतं, तुमचं वय झालं, पुढे घोडीबरोबर का चालत नाही? "मागं कोन ऱ्हायलं त्ये मागच्यालाच दिसतंय न्हवं," असं म्हणून तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा काही विचारायची सोय राहिली नाही.

आणि त्याच आक्काचे गुडघे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, यापुढे घरातल्या घरात चालायचं, बाकी नाही. मुलांनी तेवढंच धरलं. यंदा वाडा हलेल तेव्हा आई गावी राहील, पत्र्याच्या घरात, टीव्हीसमोर. त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. पण आक्काने मला फोन केला आणि फोनवर ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "तात्या, म्या घरात बसलो तर मरून जाईन बगा. आमास्नी येक गाडी बगून द्या. रानात शिरनारी, झेपनारी, बारकी. धाकटी सून चालवती, टॅक्टर तिच्याच हातात असतोय. वाडा हलायच्या आत पायजे. न्हाई तर ह्ये लोक मला टाकून जात्यात."

आता, गाडी हा माझा विषय. स्वतःची गाडी घेण्याआधी मी मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की बायकोने चार्जर लपवून ठेवला होता. पोटाखालची उंची किती हवी, टायर केवढे हवेत, चारही चाकांना जोर कशाला हवा आणि दोन चाकांवर कुणाचं भागतं, सगळं मला पाठ. म्हटलं, चार दिवसांत लावतो मार्गी. छोटी, उंच, दोन चाकांच्या जोरावर चालणारी, आपल्या कच्च्या वाटांना रग्गड झाली. डोंगर थोडाच चढायचाय?

पहिल्यांदा साताऱ्याला गेलो. शोरूममधला टायवाला पोरगा सगळं माझ्याकडे बघून बोलायला लागला. पैसे बाईचे, गाडी बाईची, आणि हा गडी तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतोय! मी त्याला चांगला झापला. तर आक्काने मलाच गप्प केलं आणि पोराला विचारलं, "हिची खोड काय?" जनावरांच्या बाजारात विकणाऱ्याने खोड आधी सांगायची असते. बैल मारका असेल, गाय लाथाडत असेल, तर ते सांगूनच सौदा होतो. पोरगा हसून म्हणाला, "मॅडम, आपल्या गाडीत खोड नाहीच." आक्का उठली. मी म्हटलं, आक्का, अहो, निदान बसून तरी बघा. "खोड न्हाई म्हंतोय. लबाड हाय," एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा, आणि पायऱ्या उतरताना तिला किती कळ येत होती ते मला दिसत होतं, म्हणून मला भांडताही येईना.

सांगलीला तर कहर झाला. तिथे तिने गाडी हातभर लांबून निरखली, पुढे जाऊन मागे आली, दोन्ही कुशी दाबल्या, टायरमध्ये बोटं घालून बघितली आणि म्हणाली, "चालवत न्हेऊन दावा. आपून मागनं बगू." मालकाने चालवत नेऊन दाखवली. "आता परत आना. हळू. अजून हळू." गाडी गचके खाऊन बंद पडली. "बगा," आक्का मला म्हणाली, जणू कारखान्यातून ती गाडी मीच बनवून आणली होती. तिला त्या गाडीतलं एकच आवडलं, ते म्हणजे छतातली काचेची खिडकी. "हितनं मुंडी भाईर काढून कळप बगता येतोय की." एवढ्या एका झाकणासाठी सगळ्यात महागडं मॉडेल घ्यावं लागेल म्हटल्यावर तिने खांद्यावरचा टॉवेल काढला, मालकाच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्याची बोटं दाबली. बाजारात भाव असाच होतो, चारचौघांना आकडा कळू नये म्हणून. त्या बिचाऱ्याला काय माहीत! तो घाबरून "अहो आजी, अहो आजी" करत मागे सरकला, त्याला वाटलं अंगात आलं. शोरूममधली सगळी गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं आणि ही बया शांतपणे टॉवेल झटकत म्हणते, "बोटंच दाबंना. ह्येला ब्यापार येत न्हाई."

परत येताना गाडीत मी तोंड सोडलं. म्हटलं, हळू हळू काय लावलंय? लोक गाडी लवकर पोचायला घेतात! कुठल्याही गाडीत बसा, दहा मिनिटांत पुढच्या मुक्कामाला जाल.

"आन् थितं जाऊन काय करू?" आक्का म्हणाली. "मेंढरं सांजच्याला यत्यात. दिसभर म्या येकलीच झाडाखाली बसू? मग घर काय वाईट हाय?"

उत्तर सुचलं नाही की मी जास्त चिडतो. म्हटलं, ठीक आहे, मेंढरांमागे कुठलीही गाडी चालते ते माझ्याच गाडीवर दाखवतो. आमच्याच भागात स्थायिक झालेल्या आक्काच्या भाच्याची शंभरेक मेंढरं तेव्हा कॅनॉलच्या कच्च्या रस्त्याने चालली होती. मी त्यांच्यामागे माझी गाडी लावली, शेजारी आक्का. मेंढरू चालतं किती? चार पावलं चालतं, तोंड घालतं, पुन्हा दोन पावलं. क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. अर्ध्या तासात माझी पोटरी भरून आली आणि गाडीतून जळका वास यायला लागला. आक्का नाकाला पदर लावून म्हणाली, "तात्या, तुमची गाडी दमली." क्लच प्लेट गेली होती! माझ्या गाडीची! ती गॅरेजला ओढून न्यायला त्याच भाच्याची बैलजोडी आली आणि वाटेत ज्याने त्याने विचारलं, "काय तात्या, गाडीला बैलं व्हय?" घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, आक्काचा फोन आला तर मी मेलो म्हण.

पण फोन आला तो तिच्या थोरल्या मुलाचा. "तात्या, आईला नादी लावू नका. तिला काय कळतंय? रानात कुठं पडली, आडली, तर दवाखाना कुठं हाय जवळ? घरात ऱ्हाऊ द्या गुमान." अरे वा! म्हणजे मी नादी लावलं! ज्या बाईपायी माझी गावात शोभा झाली, तिला मी नादी लावलं! मी त्याला फोनवर असा काही फैलावर घेतला की बायको ओट्यावरून बाहेर येऊन बघायला लागली. म्हटलं, बाळा, तू दुपट्यात होतास तेव्हापासून ती तुझ्या मेंढरांमागे चालतेय, आणि तिला काय कळतंय विचारतोस? फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आता गाडी शोधणं मलाच भाग आहे.

आमच्या गॅरेजवाल्याने तोड सांगितली. आक्काला हवी ती गाडी दोन चाकांच्या जोराची नव्हेच. चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या गाड्यांत मोठ्या गिअरशेजारी आणखी एक छोटी दांडी असते. चिखलातून, चढणीवरून ओझ्यासकट निघण्यासाठी असते ती. ती ओढली की गाडी माणसाच्या पावलाने चालते, क्लचला पाय लावावा लागत नाही की तो जळत नाही. डांबरावर तेवढी वापरायची नाही, मातीवर खुशाल वापरा. तो म्हणाला, नवी घ्यायची ऐपत तुमची नाही आणि त्या बाईचीही नाही, जुनी बघा. म्हणजे मी इतके दिवस 'चार चाकांचा जोर तुम्हाला कशाला' म्हणून जी गाडी नको म्हणत होतो, तीच! गॅरेजवाला हसला नाही, एवढं बरं केलं त्याने.

तशी एक गाडी कोयनानगरच्या वरच्या अंगाला मिळाली. मालक मिलिटरीतून सुटून आलेला, घाटातली तीच ती वळणं चढून-उतरून कंटाळलेला आणि आता मुलाकडे पुण्याला निघालेला. गाडीचा रंग कुठला होता हे सांगता येण्यासारखं नव्हतं. आक्का काठी टेकत तिच्याभोवती फिरली आणि तिने विचारलं, "खोड?"

"एक असेल तर सांगू," मालक म्हणाला. "डिझेल खाती. थंडीत पहिल्या चावीला उठत न्हाई. डावीकडचं मागचं दार भाईरनंच उघडतंय. पावसाळ्यात उजवा पाय भिजतोय. आन् हॉर्न तिच्या मनात असला तरच वाजतोय."

आक्काचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. तिने टॉवेल काढला. मालकाने बिनबोभाट हात पुढे केला. त्याच्या घरी बैल होते. टॉवेलाखाली काय झालं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. धाकट्या सुनेने छोटी दांडी ओढून गाडी अंगणात फिरवली. आक्का शेजारच्या सीटवर, गुडघे सरळ पसरून. अंगणातली कोंबडी गाडीच्या पुढे चालत होती आणि तिला पळावं लागत नव्हतं.

दिवाळी झाली आणि वाडा आमच्या रानात आला. सगळ्यात शेवटी गाडी, काचा खाली, आक्काचा हात बाहेर, हातात काठी, मांडीवर आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू. थोरला मुलगा माझ्याकडे बघून ओशाळं हसला. आक्काने बसल्या जागेवरून रान नापसंत केलं. चहात साखर लय झाली.

जायच्या दिवशी सकाळी मी बांधावर निरोप द्यायला गेलो. गाडी मातीच्या वाटेने निघाली आणि मी बोलत बोलत तिच्या शेजारून चालायला लागलो. ते सहज जमत होतं. आक्का म्हणाली, "बसा की आत." मी म्हटलं, नको, चालतो. तिने डॉक्टरांना शिव्या दिल्या, सुनेच्या चालवण्याला नावं ठेवली, माझ्या बायकोच्या सांधेदुखीला कुठला पाला लावायचा ते सांगितलं. मधेच "हर्रर, चल गं बाय" म्हणून एका लंगड्या मेंढीला काठी दाखवली आणि ती मेंढी चालायला लागली. मी विचारलं, आक्का, खूश ना? त्यावर ती म्हणाली, "डिझेल लय खाती."

कॅनॉलच्या पुलाशी मी थोडा वेळ टेकलो. पायातल्या वहाणेचा अंगठा सुटला होता तो नीट केला, जरा श्वास घेतला. मान वर केली तर गाडी पुढे गेली होती. फार नव्हे, दोन शेतांएवढी. आक्काने खिडकीतून डोकं काढून मागे बघितलं, कोण राहिलं ते बघण्याची तिची सवयच. "या की हो तात्या," ती ओरडली, "ऱ्हायला की मागं!"

मी हात हलवला आणि दोन-चार पावलं झपाझप टाकलीही. पण काही उपयोग नव्हता, वय माझंही झालं होतं. एवढी हळू जाणारी गाडी मीच शोधून दिली होती, आणि मला ती गाठता येईना.