आधी एड्ना, मग मार्गो

मार्गो सेंटक्लेअर हॉलिवूडमधली मोठी नटी. मोठी म्हणजे काय, तर दिव्यांखाली उभं राहायलासुद्धा बाईंना दुसरी बाई लागायची. दिवेवाले तासन्‌तास घोळ घालणार आणि तेवढा वेळ मार्गोबाईंच्या उंचीची, त्यांच्यासारखेच केस रंगवलेली एड्ना तिथं भाजत उभी राहणार. सगळं जुळलं की मार्गोबाई गार खोलीतून डुलत येणार, हातानेच एड्नाला बाजूला सारणार आणि दोन खोटे अश्रू गाळून टाळ्या घेणार. चाळीस वर्षं हेच चाललं. तेवढ्या काळात बाईंनी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. "बदली कुठाय?" एवढंच विचारायच्या.

एड्नाही काही गरीब गाय नव्हती. "अभिनय म्हणे. हिचा चेहरा म्हणजे धुऊन पालथी घातलेली बशी," असं ती दिवेवाल्या गसला म्हणायची. पण त्या तोंडून एकदा तरी आपलं नाव ऐकावं, ही हाव काही सुटत नव्हती. त्यासाठी तिला स्वतःचाच राग यायचा.

पुढे बाई आजारी पडल्या, डॉक्टरांनी हात टेकले. तरी मिजास बघा. अंत्यविधीला प्रार्थनाघरात शवपेटी उघडी ठेवणार, तर चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते आधी बघायला नको? चाकाच्या खुर्चीतून बाई तिथं पोचल्या, म्हातारा गस दिवे घेऊन आला आणि एड्नाला निरोप गेला. ती आलीही. का आली, देव जाणे.

"बदली, झोप त्यात."

कुरकुरणारे गुडघे सांभाळत एड्ना शवपेटीत आडवी झाली. गसनं दिवा सरकवला.

"जरा वर घे रे," मार्गोबाई म्हणाल्या. "कशी दिसेन गं मी?"

"सगळ्या सिनेमांत दिसलात तशाच, बाईसाहेब. हलायचं नाही, बोलायचं नाही. या कामात तुमचा हात कोण धरणार?"

गस खोकल्याआड हसला. एरवी बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.  आज मात्र खुर्ची पुढे घेऊन त्यांनी पेटीची कड धरली. 

"एड्ना," त्या म्हणाल्या.

एड्नानं पेटीतूनच मान वळवली.

"एड्ना, दर वेळी आधी तूच जायचीस. मला सगळं तयार मिळायचं. या वेळीही आधी तूच जा ना."

नाव घेतलं, तेही कशासाठी. एड्ना उठून बसली. गसच्या खांद्याचा आधार घेत बाहेर आली आणि तिनं झगा झटकला.

"दिवे जुळलेत, मार्गो," ती म्हणाली. "आता तुझं काम तू कर."