सड्यावरच्या आजाची विडी

आंबेवठारच्या सड्यावरचा आजा विडी ओढतो, हे वरच्या वाडीत कुणी कुणाला सांगत नाही. समुद्र खारट असतो हे तरी कोण सांगतं? वाडीतून बाहेर पडणारी वाट सडा ओलांडून डांबरी रस्त्याला लागते. सड्याच्या मधोमध, जिथं कातळ तव्यासारखा पसरलाय आणि सावलीला एक झुडूप नाही, तिथं कंबरभर उंचीचा काळा दगड उभा आहे. तो आजा. गावाचा राखणदार. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला पाठ दाखवायची नाही आणि रिकाम्या हातानं पुढं जायचं नाही. मुंबईला निघालेला चाकरमानी असो, सासरी निघालेली नवरी असो, नाहीतर आधारकार्डाला अंगठा द्यायला रत्नागिरीला निघालेली म्हातारी असो. दगडाखालच्या खोबणीत एक विडी ठेवायची आणि मग एस्टीचा थांबा गाठायचा.

पण थंड विडी आजाला चालत नाही. आणि विडी म्हणजे काही उदबत्ती नव्हे. नुसती काडी लावून ती धरत नाही, तिला कुणीतरी पहिला झुरका द्यावा लागतो. हा झुरक्याचा मान महिपतच्या घराण्याचा. दुसऱ्या कुणी खोबणीतल्या विडीला हात लावायचा नाही. महिपत रोज भर दुपारी सड्यावर जायचा, जमलेल्या विड्या एकेक करून पेटवायचा आणि आजापुढं मांडायचा. दुपारीच का? तर आजाचं जेवण दुपारी होतं आणि जेवणावर विडी लागते, असं त्याचा बापूस सांगून गेला होता.

काळाबरोबर आजाच्या पुढ्यातही बदल झाला. चाकरमान्यांनी फिल्टरच्या सिगारेटी आणल्या. दुबईला गेलेल्या एकानं अंगठ्याएवढा जाड चिरूट आणला, तो पेटवताना महिपतला दोन वेळा बसावं लागलं. गेल्या गणपतीत तर कुणाच्या तरी नातवानं ती वाफेची, चार्जिंगची नळी ठेवली होती. महिपतनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "घेऊन जा रे मेल्या. हिला प्लग कुठं लावू, आजाच्या नाकात?"

विड्या मांडून झाल्या की महिपत समोर उकिडवा बसायचा. वारा पडलेला असायचा. कातळावरून गरम हवा थरथरत वर चढायची, आणि त्या हवेत विडीचं टोक लाल व्हायचं, मावळायचं. पुन्हा लाल व्हायचं, मावळायचं. कुणीतरी शांतपणे ओढत असल्यासारखं. लहानपणापासून बघितल्यामुळं महिपतला त्याचं भय नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्याच्या सवयी माहीत असाव्यात, तसं ते होतं.

भय होतं ते खोकल्याचं.

महिपतचा बापूस खोकून खोकून गेला. त्याच्यामागून थोरल्या भावाला, गंगारामला, मान मिळाला. तोही खोकून गेला. गंमत अशी, की खालच्या वाडीत असलं काही नव्हतं. त्यांची वाट नदीकडून जाते, आजा त्यांच्या वाटेत येत नाही. तिथले म्हातारे नव्वदी ओलांडून, काठी टेकत, दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं मोडत सुखानं फिरत होते. यावर वरच्या वाडीचं निदान ठरलेलं होतं: आजा कोपलाय, सेवेत काहीतरी कमी पडतंय. मग काय करायचं? आजाच्या विड्या वाढवायच्या. महिपतच्या घरात कुणी खोकलं की वाडीतून आणखी एक कट्टा यायचा, आणि तो पेटवायला पुन्हा महिपतचंच घर.

मग हौसा खोकायला लागली. महिपतची बायको. तिनं जन्मात विडी ओठाला लावली नव्हती. उलट नवऱ्याचा सदरा धुताना ती आजाचाही उद्धार करायची. "त्या थेरड्याला एक दात नसंल तोंडात, पण विडी सुटत नाय!" ती पदर तोंडाशी धरून खोकायची. दोन बारीक, आणि मग राहून गेल्यासारखा तिसरा. वर्ष संपायच्या आत ती गेली. वाडी म्हणाली, थेरडा म्हटलं ते आजानं ऐकलं.

यंदा थंडीत महिपतच्या थुंकीत लाल दिसलं, तेव्हा सून मृणाली त्याला धरून रत्नागिरीला घेऊन गेली. डॉक्टर उन्मेष तरुण होते, मूळचे ह्याच बाजूचे. त्यांनी फोटो काढले, सुई घालून तपासणी केली, आणि महिपतला समोर बसवून सरळ सांगितलं, की फुफ्फुसात गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण पसरलेली दिसत नाही. शिमग्यानंतर मुंबईला जायचं, उपचार सुरू करायचे.

त्यांच्या पाठीमागं भिंतीवर देशाचा नकाशा होता. कुठं गडद, कुठं फिका. महिपतला फोटोपेक्षा तो नकाशा बघणं सोपं वाटलं.

"ह्यो कसला हो?"

"ह्याच आजारानं कुठं किती माणसं जातात त्याचा. हे बघा, पार ईशान्येला, डोंगरातली राज्यं. तिथं रंग गडद."

महिपतनं बराच वेळ बघितलं. "तिकडंपण आजा हाय?"

डॉक्टरांना आजा माहीत नव्हता. मृणालीनं सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "आहे म्हणायचं. सगळीकडं कुणी ना कुणी असतोच. कुठं विडी, कुठं कारखाना, कुठं चुलीचा धूर. परदेशात बऱ्याच ठिकाणी लोकांनी सिगारेट सोडली, तिथले पुरुष आता पहिल्यापेक्षा कमी जातात. आणि आपल्याकडं कधी न ओढलेल्या बायका जास्त दिसायला लागल्यात."

"आणि आमचा जिल्हा?"

"फिका आहे."

"आणि आमचं घर?"

"आबा, नकाशात घर दिसत नाही."

परतीच्या एस्टीत महिपतनं डोळे मिटले. फिक्या रंगात एक काळा ठिपका त्याला दिसत होता आणि त्या ठिपक्यात हौसा चुलीपुढं बसली होती.

सड्यावर एक जुना नियम आहे: भर दुपारी मागून हाक आली तर ओ देऊ नये. महिपत तो कसोशीनं पाळत आला होता. पण डॉक्टरांकडून आल्यावर पहिल्यांदाच तो दगडापुढं बसला, विडी पेटवली, आणि त्याला खोकला आला. तो थांबला. आणि दगडामागून खोकला आला.

हाकेला ओ देऊ नये हे ठीक. खोकल्याचं काय करायचं? खोकला ऐकला की खोकला येतोच. महिपत पुन्हा खोकला. दगडामागून पुन्हा आला. ह्या वेळी खोल, ओला, शेवटी थुंकी टाकल्याचा आवाज. तो महिपतला पाठ होता. बापूस. त्यामागून कोरडा, करवतीसारखा: गंगाराम. आणि मग दोन बारीक, आणि राहून गेल्यासारखा तिसरा.

"हौसा?" त्याच्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांत त्यानं सड्यावर कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

सगळ्या विड्यांची टोकं एकदम लाल झाली आणि मावळली. मग अगदी जवळून आणखी एक खोकला आला. तरणा, घसा साफ करावा तसा, अजून स्वतःच्या मालकाला न सापडलेला. तो निलेशचा होता.

निलेश म्हणजे त्याचा एकुलता मुलगा, मुंबईला एका मोठ्या इमारतीच्या गेटवर नोकरीला. महिपतनं तिथंच, कातळावर बसल्या बसल्या फोन लावला.

"खोकला झालाय काय रे तुला?"

"नाय ओ आबा. ठणठणीत हाय. का?"

"काय नाय. सहज."

"शिमग्याला येतोय. आणि आबा, ह्या वर्षी तुम्ही दमू नका. विड्या मीच पेटवणार. गावकार आप्पांशी बोललोय मी."

शिमग्याला निलेश आला तो नवी काड्यापेटी घेऊन. मृणालीनं त्याला परोपरीनं सांगून बघितलं होतं. त्याचं एकच म्हणणं. जेवताना त्यानं ते बापाला ऐकवलं. "आबा, मुंबईत माणसं गाडीची काच खाली न करता मला हात दाखवतात. इथं अख्खी वाडी माझ्यासमोर उभी राहील. आजोबांचा मान, काकांचा मान. तो मी का सोडू?"

महिपतकडं उत्तर होतं, पण ते सांगायचं कसं? दगडामागं तुझा खोकला ऐकला म्हटलं असतं, तर निलेशनं आणखी दोन कट्टे आणले असते.

"आबा," नंतर ताट उचलताना मृणाली हळूच म्हणाली, "माझं ते ऐकत नाहीत. तुमचंही नाही ऐकणार. पण आजाचं ऐकतील."

महिपत हात धुवायचा थांबला.

शिमग्याच्या दिवशी सड्यावर सगळी वाडी लोटली. बायका नव्या साड्यांत, चाकरमानी चष्म्यांत, पोरं पिपाण्यांत. दगडापुढं विड्यांचा ढीग पडला. वाडीचे प्रमुख, गावकार आप्पा, मधोमध उभे राहिले. ह्या माणसाला देवानं गळा दिला आणि थांबायची बुद्धी दिली नाही. विड्या पेटवायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, तेही महिपतनंच. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं आजाला मोठ्यानं केलेलं मागणं. एकानं म्हणायचं आणि वाडीनं 'व्हय म्हाराजा' करून शिक्का मारायचा. एकदा आजासमोर व्हय म्हटलं की ते मागं घेता येत नाही. आणि वाडी कित्येक पिढ्या शब्द न ऐकता व्हय म्हणत आलीय. उद्यापासून सगळ्यांनी डोक्याचा चकोट करा, असं कुणी मध्येच घातलं असतं, तरी आप्पांनी सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हटलं असतं.

महिपत पुढं झाला. निलेश शेजारी, हातात काड्यापेटी.

"बा सड्यावरच्या राजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरं, लहानथोर, चाकरमानी, माहेरवाशिणी, तुझ्या पायाशी गोळा झाली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या वाटंवर उभा ऱ्हा. त्यांची एस्टी खड्ड्यात जाऊ देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

इथं महिपतला खोकला आला. असा आला की तो वाकला, हात गुडघ्यांवर गेले. सड्यावर एकदम शांतता. निलेशनं काडी बाहेर काढली आणि गाऱ्हाणं पुढं न्यायला एक पाऊल टाकलं. महिपतनं न बघता हात आडवा केला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. आणि त्या शांततेत, फक्त त्यालाच, दगडामागं एक भलता म्हातारा खोकला ऐकू आला. बापसाचा नव्हे, गंगारामचा नव्हे. कातळ आतून फुटावा तसा. विडी मागायचा आवाज हा नव्हता. मग महिपतला कळलं, की इतकी वर्षं आजाला विडी हवी का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो ताठ झाला.

"बा, माझा बापूस तुझी विडी पेटवीत गेला, तो खोकून मेला!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली, पिपाणी वाजली.

"माझा भाव गंगाराम गेला! माझी हौसा, तिनं तर विडी हातात धरली नाय, ती गेली! आता माझ्या छातीत गाठ हाय!"

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा पातळ झाला, पण आप्पांचा खणखणीत होता.

"आणि बा, तूपण खोकतोस! मी ऐकलाय!"

"व्हय... म्हाराजा."

"तर आजपास्नं तुझी विडी बंद! नारळ घे, केळं घे, गोडं घे, पण धूर नाय! आणि ह्यो झुरक्याचा मान माझ्यापाशी संपला, माझ्या लेकाकडं जायाचा नाय!"

"व्हय म्हा..." अर्ध्या वाडीनं जीभ चावली. पण मागच्या बाया आणि पोरं संपवून मोकळी झाली होती, आणि आप्पा तर 'राजा'वर पोचून हात जोडून उभे होते.

मग आप्पांचे डोळे उघडले. "महिपत! अरे काय मागितलास हे?"

"मी एकटा कुठं? तुम्ही व्हय म्हटलात की."

"ते आम्ही... ते सवयीनं!"

"तुमच्या सवयीचं आजाला काय माहीत?"

निलेशच्या हातातली काडी तशीच होती. तो बापाकडं बघत होता, रागानं की कशानं, महिपतला कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, आजा कोपेल. कुणीतरी म्हणालं, दुसरं गाऱ्हाणं घालून हे पुसून टाका. पण दुसरं घालायला मानकरी लागतो, आणि मान तर आत्ताच संपला होता. शेवटी मृणाली पुढं झाली, तिनं पिशवीतलं केळं सोललं आणि दगडापुढं ठेवलं. विड्यांचा ढीग थंड पडून राहिला. निलेशनं काड्यापेटी खिशात घातली. घरी जाताना तो बापाच्या चार पावलं पुढं चालत राहिला. पण पाखाडीच्या पायऱ्या उतरताना महिपतला धाप लागली, तेव्हा काखेत हात मात्र त्यानंच घातला.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी महिपत एकटा सड्यावर गेला. वारा पडला होता. केळ्याची साल वाळून काळी झाली होती, आतलं केळं कुणी खाल्लं होतं ते आजालाच ठाऊक. महिपत उकिडवा बसला. विडीचं एकही लाल टोक समोर नव्हतं, तरी कुणीतरी समोर बसलंय हे त्याला नेहमीसारखं कळत होतं.

तो मुद्दाम खोकला.

बापसाचा आला, खोल, ओला. गंगारामचा आला. मग दोन बारीक, आणि राहून गेल्यासारखा तिसरा. महिपतनं मान हलवली. त्यामागून एक आला तो ऐकून तो जरा दचकला, कारण तो त्याचा स्वतःचाच होता. आपली जागा तिथं आधीच धरून ठेवलेली बघून त्याला राग आला नाही. हौसाच्या शेजारी होती.

मग त्यानं श्वास रोखला आणि कान दिले. कातळ तापत होता. दूर डांबरी रस्त्यावर एस्टीनं गियर बदलला. तो वाट बघत राहिला, छाती फुटेल इतका वेळ.

त्या तरण्या खोकल्याची जागा रिकामी होती.

महिपत उठला. आजाला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी, वाटेला लागेपर्यंत मागं मागं आला, आणि घरी जेवायला गेला.