घरच्याचा कसला सत्कार

आमच्या जुन्नरकडच्या लग्नांत नवरा-नवरी घामाघूम होऊन ताटकळत उभी असतात आणि माईकवर सत्कार चालू असतात. आमदारांचा होतो, सोसायटीच्या चेअरमनचा होतो, चेअरमनच्या जीपमधून फुकट आलेल्या पावण्याचाही होतो. होत नाही तो फक्त घरच्या माणसाचा. त्याने टॉवेल-टोप्यांचं तबक धरून मागे उभं राहायचं. घरच्याला मान दिला तर लोक म्हणणार, बघा, स्वतःचीच आरती ओवाळून घेतायत. मला ही रीत गमतीची वाटायची. एका पंधरा ऑगस्टनंतर वाटेनाशी झाली.

कारगिलची लढाई नुकतीच संपली होती. टीव्हीवर रोज जवान दिसत होते आणि गावोगाव माजी सैनिकांचे सत्कार निघाले होते. माझे वडील तेव्हा सरपंच. झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात गावातल्या फौजींना फेटे बांधायचे, असं त्यांनी ठरवलं. त्या फौजींतले एक माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. ते तोफखान्यात हवालदार होते. तोफांच्या आवाजाने डावा कान गेलेला, त्यामुळे घरातसुद्धा वावरात असल्यासारखे मोठ्याने बोलायचे. पेन्शनीवर आल्यापासून ते आमची कांद्याची शेती बघत होते. त्यांना वडिलांचा धाक होता आणि त्याहून जास्त लळा.

त्या सकाळी ते जुना कोट घालून, छातीवर पदकं लावून आले. काकींनी पदकं घासूनपुसून लखलखीत केली होती. वडिलांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "हे काय? तुझा सत्कार न्हाई ठेवला मी. गाव म्हनंल, सरपंचानं भावाचीच हौस भागवली. तू घरचा मानूस. फेट्यांचं तेवढं तू बघ, दुसऱ्या कुनाला नीट बांधता येत न्हाई."

"बरं, दादा," काका म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले. त्यांनी पदकं काढून खिशात टाकली आणि एकेका फौजीला झकास फेटा बांधला. वडील माईकवरून प्रत्येकाचं कौतुक करत होते. बोलण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. काका शेजारी तबक घेऊन उभे होते.

मला वडिलांचा भयंकर राग आला. आजही येतो, आणि कीवही येते. कारण त्यांना भावाचा अभिमान नव्हता असं मुळीच नाही. शिनोलीला सोयऱ्यांकडे गेले की तासभर भावाचंच पुराण लावायचे. भावासमोर मात्र अवाक्षर नाही.

पुढच्या वर्षी सरपंचपद दुसरीकडे गेलं. नव्या सरपंचबाईंनी पहिला मान काकांना दिला. वडील समोरच्या खुर्चीत होते आणि सगळ्यांचं थांबलं तरी टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर काका फेट्यासकट सरळ त्यांच्याकडे आले आणि पाया पडले. आता तरी बोलतील, म्हणून मी बघत राहिले. वडिलांनी घसा खाकरला, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवायला घरी ये."

काही वर्षांनी काका अचानक गेले. आमच्याकडे दशक्रियेलाही माईक असतो. नदीकाठी माणूस मावत नव्हतं. पुढाऱ्यांची श्रद्धांजली आटोपली आणि शेवटी वडील उठले. भावाने बर्फात काढलेले हिवाळे, सुट्टीवर आला की आईचे पाय चेपत बसणं, गावच्या पोरांना भरतीसाठी पहाटे पळवणं, सगळं सगळं बोलले. बायाबापड्या रडल्या. माझेही डोळे भरून आले आणि तितकाच संताप झाला. हे सगळं इतकी वर्षं त्यांच्या ओठावर तयार होतं.

घरी आल्यावर काकी खाली बघत वडिलांना म्हणाल्या, "दादा, लई चांगलं बोलला तुमी. राग मानू नका, पर त्यांना सत्काराचं काय बी न्हवतं. आपला दादा आपल्याबद्दल काय म्हनतो, तेवढंच त्यांना ऐकायचं व्हतं. नोकरीवरनं घरी आले तवापासनं वाट बघत व्हते."