आठची गोळी

मी शिकवायचे त्या शाळेचे शिपाई टोलमामा. त्यांच्याकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं तेव्हा ते आठचा टोल देत होते. टोल देऊन झाला, हातोडी काखेत धरली आणि खिशातली गोळी काढून त्यांनी पाण्याबरोबर गिळली. रोज तसंच. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, टोल चुकला तर पोरं हसतील. गोळी चुकली तर बहीण फाडून खाईल."

बहिणीने त्यांना आपल्या लिव्हरचा तुकडा दिला होता. शरीराने तो परका म्हणून झिडकारू नये यासाठी ही गोळी, सकाळ-संध्याकाळ आठला, जन्मभर. "दादा, उसना दिलाय हं, जपून वापर," असं ती म्हणायची. पुढे ती तापाने गेली. मामांना बायको-मुलं नव्हती. निवृत्तीनंतर एका खोलीत ते, भिंतीवरचं घड्याळ आणि तो तुकडा.

अकरा वर्षांत त्याच गोळीने त्यांच्या किडन्या झिजवल्या. डॉक्टर रक्तातलं गोळीचं प्रमाण तपासत. जास्त झालं तर किडन्यांना त्रास, कमी पडलं तर लिव्हर धोक्यात. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग गोळी. एकदा रांग लांब होती. आठ वाजले. मामांनी गोळी घेतली, नऊला रक्त दिलं, आणि कुणाला काही बोलले नाहीत. नुकत्याच घेतलेल्या गोळीमुळे प्रमाण भलतंच वाढलेलं दिसलं. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. काही आठवड्यांत मामांचे डोळे पिवळे झाले.

तेव्हा माझ्या दारात येऊन म्हणाले, "बाई, तिचा तुकडा माझ्या हातून जातोय." मग खरं काय ते सांगितलं. मी चपला घातल्या आणि तशीच त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, रक्त दिल्यावर गोळी, किती वेळा सांगितलं?"

"साहेब, आठ वाजले होते."

"आता डोस वाढवावा लागेल. लिव्हर सावरेलही, पण किडन्यांची खात्री नाही देता येणार."

"किडन्या माझ्या आहेत, साहेब. त्यांचं मी बघतो. तिचं तेवढं वाचवा."

लिव्हर वाचलं. किडन्या गेल्या.

आता ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, एकटेच. इतरांच्या खाटेजवळच्या स्टुलावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, मामांच्या स्टुलावर त्यांची पिशवी असते. रक्ततपासणीच्या आदल्या संध्याकाळी ते सकाळची गोळी माझ्याकडे आणून ठेवतात आणि रक्त देऊन आल्यावरच मागून घेतात.