दोन ताटं आणि एक भाकरी

सहा वर्षं तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवल्यावर नळदुर्गकडच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली. निवड समितीसमोर पाठ घ्यायचा होता. मी विषय घेतला विद्युतभार साठवणारा कॅपॅसिटर, म्हणजे नेमका माझाच जिथं गोंधळ होतो तो. दोन पत्र्यांमध्ये विद्युतरोधक पदार्थ सरकवला की विद्युतक्षेत्र कमकुवत होतं आणि त्यामुळंच विद्युतभार जास्त मावतो. कमी झालं म्हणून जास्त! वर्गात मी हे ठणकावून सांगायचे आणि मनात दरवेळी अडखळायचे.

प्रयोग मात्र झकास बसवला होता. स्टीलची दोन ताटं आणि मधे आमच्याकडची कडक भाकरी, पापडासारखी वाळलेली. नुसती हवा असली की किती भार मावतो ते दाखवणाऱ्या मीटरवर छोटा आकडा, भाकरी सरकवली की दुपटीहून मोठा. घरी दहादा करून पाहिलं होतं.

समितीसमोर भाकरीचं फडकं सोडलं तर आत ताजी, मऊ, वाफेनं ओलसर झालेली भाकरी. मी चक्रावले. मग मधे काय घातलं की भार किती पट मावतो, तो पुस्तकातला तक्ता आठवला: हवेचा आकडा एक, पाण्याचा ऐंशी. म्हणजे ओली भाकरी उलट जास्तच चालेल! सरकवली. मीटरवरचा आकडा वर गेला, खाली आला, कुठं थांबेचना.

"असं का होतंय?" एका सरांनी विचारलं.

मला खरंच कळत नव्हतं. तसंच सांगितलं. "ठीक आहे, कळवू," म्हणत त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये रागारागानं तीच भाकरी खायला काढली. बोटांना ओल लागली आणि तेव्हा कुठं डोकं चाललं. रोधकातल्या कणांनी जागेवर राहून नुसतं वळायचं असतं. इथं ओलीत क्षार विरघळलेले, भार या ताटातून त्या ताटात निघून चालला होता. साठणार काय, कपाळ! दोन तास आधी सुचलं असतं तर ती जागा माझी होती.

आई दारातच उभी होती. भाकरी कशाला नेतेय हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"वाळकी भाकर सायबांपुढं कशी ठिवायची? म्हून सकाळी ताजी थापून बदलली. खाल्ली का त्यांनी?"

तिच्यावर ओरडायचं ठरवूनच मी बसमधून उतरले होते.

"व्हय," मी म्हणाले. "लई आवडली."

"मंग फुडल्या बारीला दोन देते."